प्रथमोपचाराचे दूरस्थ शिक्षण : छापील पत्रकापासून ऑनलाईन अभ्यासक्रमापर्यंत

प्रथमोपचाराचे शिक्षण पडद्यावरून देता येईल काय, हा प्रश्न अलीकडच्या काळात वारंवार विचारला जातो. २०२० साली कोविडच्या साथीमुळे ठिकठिकाणचे प्रशिक्षणवर्ग बंद पडले, तेव्हा तो केवळ तात्त्विक राहिला नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना त्याचे उत्तर व्यवहारात द्यावे लागले. परंतु ज्या रीतीने हा प्रश्न मांडला जातो तीवरून तो इंटरनेटबरोबरच जन्मास आला असावा, असा समज होतो. हा समज इतिहासाला धरून नाही. शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्यावाचून सामान्य माणसाला जीव वाचविण्याची कृती शिकविण्याचा उद्योग अडीचशे वर्षांहून अधिक जुना आहे. छापील पत्रक, पुस्तिका, चित्रित पट्टी, भिंतीवरील तक्ता, दूरध्वनी व दृक्‌फीत ही त्या उद्योगाची एकामागून एक आलेली साधने होत. ऑनलाईन अभ्यासक्रम हे त्या मालिकेतील अखेरचे साधन आहे.

ह्या मालिकेचा मागोवा घेतला असता दोन गोष्टी ठळकपणे दिसून येतात. पहिली ही की, प्रत्येक नव्या साधनाने शब्द दूरवर पोहोचविला, पण हाताचा सराव बहुधा मागे राहिला. दुसरी गोष्ट पहिलीइतकी उघड नाही, परंतु इतिहासदृष्ट्या अधिक महत्त्वाची आहे. काय शिकवावयाचे हे ठरविण्यात वैद्यकशास्त्राइतकाच अध्यापनाच्या सोयीचा वाटा होता. जी कृती शिकविण्यास सुलभ ती टिकली. जी अवघड ती, शास्त्रदृष्ट्या सरस असूनही, कित्येकदा मागे पडली. ह्या दोन गोष्टी लक्षात घेतल्याखेरीज आजच्या ऑनलाईन अभ्यासक्रमांचे यथार्थ मूल्यमापन होणे कठीण आहे.

१. पत्रकाचे युग

सामान्य जनांस उद्देशून संघटितपणे केलेल्या प्रथमोपचार-शिक्षणाचा आरंभ कालव्यांच्या शहरात व्हावा हे स्वाभाविक होते. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १७६७ साली बुडालेल्या माणसांच्या बचावासाठी एक संस्था स्थापन झाली. संस्थेने उपचारांच्या छापील सूचना प्रसृत केल्या आणि बुडालेल्या माणसास शुद्धीवर आणणाऱ्यांस पारितोषिके देऊ केली. थॉमस कोगन ह्यांनी संस्थेचे वृत्तांत इंग्रजीत आणले आणि १७७४ साली विल्यम हॉज व कोगन ह्यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये तशीच संस्था निघाली. ती पुढे रॉयल ह्यूमेन सोसायटी ह्या नावाने प्रसिद्धीस आली.

ह्या आरंभीच्या सूचनांत ग्राह्य व अग्राह्य गोष्टींची सरमिसळ होती. अंगास ऊब देणे व तोंडाने श्वास फुंकणे ह्यांच्या जोडीला गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हाही उपचार त्यांत सांगितलेला होता. परंतु येथे लक्षात घ्यावयाची बाब वेगळी आहे. नावाडी, खानावळवाला किंवा वाटसरू ह्यांस शिकविण्यास कोणी शिक्षक जाणार नव्हता. पत्रक वाचावे, निदान ऐकावे, आणि प्रसंग आला म्हणजे तसे करावे, एवढीच अपेक्षा होती. कृतीचा पूर्वाभ्यास नाही, परीक्षा नाही. केवळ यशानंतरचे पारितोषिक. प्रथमोपचाराचे लोकशिक्षण अशा प्रकारे दूरस्थ शिक्षण म्हणूनच सुरू झाले. वर्ग, व्याख्यान व प्रमाणपत्र ही शतकानंतरची भर होय.

२. वर्ग, पुस्तिका आणि पट्टी

ही भर मुख्यतः युद्धानुभवातून पडली. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर जखमींची झालेली दैना आंरी द्युनां ह्यांनी पाहिली आणि त्यातून रेडक्रॉसची चळवळ उभी राहिली, हा इतिहास परिचित आहे. मात्र रेडक्रॉसचा आरंभीचा भर युद्धकाळातील शुश्रूषेवर होता. कारखाने, खाणी व आगगाड्या ह्यांच्या नित्याच्या अपघातांकडे वळून नागरिकांस पद्धतशीर शिक्षण देण्याचे श्रेय इंग्लंडमधील सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनकडे जाते. ही संस्था १८७७ साली स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी वूलिच येथे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड व कर्नल फ्रान्सिस डंकन ह्यांनी नागरिकांसाठी वर्ग चालविले. त्या वर्गांसाठी शेफर्ड ह्यांनी पुस्तिका तयार केली, आणि पुढे लवकरच, २२ जानेवारी १८७९ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील इसांडल्वानाच्या लढाईत ते कामास आले. शिक्षक गेला, पण पुस्तिका राहिली. तिच्या आधारे इतरांनी वर्ग पुढे चालविले. शिक्षकापासून पाठ अलग होऊ शकतो, ह्याचा हा आरंभीचा आणि विदारक दाखला म्हणावा लागेल.

जर्मनीत हीच कल्पना किएल येथील शस्त्रवैद्य फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख ह्यांनी रुजविली. १८८१ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने त्यांनी सेंट जॉनचे कार्य पाहिले आणि १८८२ साली किएल येथे नागरिकांसाठी शाळा काढली. त्यांची पाच व्याख्याने त्याच वर्षी छापली गेली व व्हिक्टोरिया राणीची कन्या राजकन्या हेलेना ह्यांनी त्यांचे इंग्रजी भाषांतरही केले. अर्धवट ज्ञान असलेले लोक वैद्यकी करू लागतील, ही शंका त्या काळी व्यावसायिकांकडून घेतली जात असे. वैद्य येईपर्यंतच प्रथमोपचारकाने काम पाहावयाचे, ही मर्यादा पाठ्यपुस्तकांनी आग्रहाने सांगितली, तिचे एक कारण ह्या शंकेत आहे.

दूरस्थ शिक्षणाच्या दृष्टीने एस्मार्ख ह्यांचे महत्त्व मात्र व्याख्यानांहून त्यांच्या त्रिकोणी पट्टीत अधिक आहे. १८७० च्या सुमारास त्यांनी सैनिकांसाठी प्रचारात आणलेल्या ह्या कापडी पट्टीवर ती डोके, खांदा, हात, पाय इत्यादी अवयवांना कशी बांधावी ह्याची चित्रेच छापलेली होती. म्हणजे उपचाराचे साधन व त्याचा पाठ ही एकाच वस्तूत आली. सैनिकास पुस्तक जवळ बाळगावे लागत नव्हते. चित्र पाहत पाहत हात चालवावयाचा. पुढच्या काळातील पुष्कळ साधनांना जे साधले नाही ते ह्या पट्टीला साधले होते. पाहणे आणि करणे ह्यांत तिने अंतर ठेवले नाही.

३. तक्त्याचे बळ आणि तक्त्याची मर्यादा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कृत्रिम श्वसनाच्या ज्या पद्धती प्रचारात आल्या, त्यांत अध्यापनसुलभतेचा प्रभाव स्पष्ट दिसतो. मार्शल हॉल ह्यांची पद्धत १८५६ ची व सिल्व्हेस्टर ह्यांची १८५८ ची. सिल्व्हेस्टर पद्धतीत रोग्यास उताणे निजवून त्याचे हात डोक्यावर नेऊन पुन्हा छातीवर दाबीत. परंतु जीभ मागे पडून घसा बंद होऊ नये म्हणून ती धरून ठेवण्यास दुसरा माणूस लागे. १९०३ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर ह्यांनी रोग्यास पालथे निजवून बरगड्यांच्या खालच्या भागावर तालबद्ध दाब देण्याची पद्धत मांडली. ती एकट्याला करता येई, थोड्या वेळात शिकता येई आणि एका चित्रात दाखविता येई. पोहणारांच्या संस्था, गोद्या, खाणी व वीजकेंद्रे ह्यांनी ती उचलली. १९३२ साली डेन्मार्कमधील सेनाधिकारी होल्गर नील्सन ह्यांनी पाठीवर दाब देणे व कोपर उचलणे ह्यांचा मेळ घालणारी पद्धत सुचविली. ती पुढे अनेक देशांत शेफर पद्धतीच्या जागी आली.

ह्या पद्धती घरोघर व कारखान्या-कारखान्यांत पोहोचविण्याचे काम भिंतीवरील तक्त्याने केले. भारतात ह्या तक्त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४४ व्या नियमान्वये, विजेचा धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर आणण्याच्या सूचना वीजनिर्मिती केंद्रे, उपकेंद्रे व वीज वापरणारे कारखाने ह्यांत ठळक ठिकाणी लावणे मालकांवर बंधनकारक झाले, आणि त्या इंग्रजी किंवा हिंदीबरोबर जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही असाव्यात, असे ठरले. मराठी मुलखातील कारखान्याच्या भिंतीवर कृत्रिम श्वसनाचा पाठ मराठीत येण्यास त्यामुळे वैधानिक आधार मिळाला.

ह्या नियमाचा आणखी एक भाग अभ्यासकांनी मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तक्ता लावला म्हणजे मालकाचे कर्तव्य संपले, असे नियमकर्त्यांनी मानले नाही. कामावरील अधिकृत व्यक्ती ह्या सूचनांशी परिचित असाव्यात आणि त्या अमलात आणण्यास समर्थ असाव्यात, अशी स्वतंत्र जबाबदारी त्यांनी मालकावर टाकली. परिचय आणि सामर्थ्य ह्या दोन शब्दांतील भेद म्हणजे प्रथमोपचार-शिक्षणाच्या साऱ्या इतिहासाचा गाभा होय. तक्ता पहिल्याची हमी देऊ शकतो, दुसऱ्याची नाही.

४. बाल्टिमोर आणि स्टाव्हांगर

शतकभर तक्त्यांनी जे शिकविले त्याचाच पाया विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात ढासळला. अमेरिकेत जेम्स ईलम व पीटर साफार ह्यांनी मुखावाटे श्वास देण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय अभ्यास केला. १९५७-५८ च्या सुमारास बाल्टिमोर येथे साफार ह्यांनी औषधाने स्नायू शिथिल केलेल्या स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले की, बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग मोकळा ठेवला नाही तर पाठीवरील वा छातीवरील दाबाने पुरेशी हवा आत जातच नाही. डोके मागे झुकवून तोंडाने श्वास दिल्यास मात्र ती जाते, आणि हे काम वैद्यकीय शिक्षण नसलेल्या माणसालाही करता येते. १७६७ च्या पत्रकात जी कृती होती आणि मधल्या काळात मागे सारली गेली होती, ती अशा रीतीने परत आली. लक्षावधी लोकांनी निष्ठेने शिकलेली पद्धत अपुरी होती, हा निष्कर्ष अध्यापनाच्या दृष्टीने कटू होता. सुलभ व सुचित्रित पाठ चुकीची गोष्टही तितक्याच कार्यक्षमतेने पसरवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

१९६० साली त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर ह्यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी दोन हातांपलीकडे कोणत्याही उपकरणाची गरज नाही, हा तिचा मोठा विशेष होता. तथापि ती कोणास शिकवावी ह्याविषयी एकमत नव्हते. १९६६ च्या अमेरिकेतील राष्ट्रीय परिषदेने वैद्यकीय व तत्सम व्यावसायिकांस ती शिकविण्याची शिफारस केली. सामान्य जनतेपर्यंत ती नेण्याची शिफारस १९७३ च्या परिषदेने केली व ती १९७४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या कृतीस केवळ दोन हात पुरेत ती सर्वसामान्यांच्या हाती अधिकृतपणे सोपविण्यास चौदा वर्षे लागली. एस्मार्ख ह्यांच्या काळची अर्धवट ज्ञानाची शंका नव्या रूपात येथे आढळते.

दरम्यान अध्यापनातील खरी अडचण दुसरीच होती. जिवंत, निरोगी माणसाच्या छातीवर पूर्ण जोराने दाब देऊन सराव करता येत नाही. ही अडचण नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे सुटली. खेळणी बनविणारे ओस्मुन्ड लेर्दाल ह्यांनी, ब्यॉर्न लिन्ड व साफार ह्या भूलतज्ज्ञांच्या सल्ल्याने, मऊ प्लास्टिकचा मानवाकृती पुतळा तयार केला. ‘रेससी अ‍ॅन’ ह्या नावाने तो १९६० साली बाजारात आला. सेन नदीत बुडालेल्या अनामिक तरुणीचा म्हणून युरोपात प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून त्याचा चेहरा घेतलेला आहे. पुढे छातीत स्प्रिंग बसवून दाबाचाही सराव त्यावर करता येऊ लागला. प्रथमोपचाराच्या इतिहासात पुतळ्याचे स्थान पुस्तिकेइतकेच मोठे मानावयास हवे. कारण शब्द आणि हात ह्यांमधील अंतर प्रसंग येण्यापूर्वीच भरून काढण्याची सोय त्याने करून दिली.

५. शिक्षक कोठे आवश्यक असतो?

पुतळा आला, वर्ग वाढले, प्रमाणपत्रेही वाढली. पण शिकलेले टिकते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर निराशाजनक निघाले. अनेक अभ्यासांत असे आढळले की, प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच कौशल्य ओसरू लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने ह्याचा दोष शिकणाराकडे वा अभ्यासक्रमाकडे नसून शिकविण्याच्या रीतीकडे असू शकतो, असे सुचविले. वर्गातील वेळ बोलण्यात जाई, सरावास थोडा उरे आणि चुका दुरुस्त न होताच विद्यार्थी उत्तीर्ण होत. शिक्षक समोर असूनही शिक्षण दूरस्थच राहू शकते, असा ह्याचा अर्थ होतो.

ह्याच्या उलट दाखला १९९७ साली मिळाला. ब्रास्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौतीस मिनिटांची दृक्‌फीत व साधा पुतळा एवढ्यावर, शिक्षकाविना, स्वयंशिक्षणाची योजना केली. शिकणाराने फीत पाहता पाहताच पुतळ्यावर कृती करावयाची होती. परीक्षेत ह्या गटाची कामगिरी नेहमीच्या वर्गात शिकलेल्यांहून सरस ठरली. एस्मार्ख ह्यांच्या चित्रित पट्टीचे तत्त्व येथे पुन्हा अवतरलेले दिसते. २००५ पासून फुगविता येणारा छोटा पुतळा व फीत असा संच प्रचारात आला. डेन्मार्कमध्ये असे ३५,००० संच शाळकरी मुलांना वाटण्यात आले, आणि प्रत्येक मुलामागे घरातील व परिचयातील सरासरी अडीच माणसे शिकली, असे २००७ च्या अहवालात नमूद आहे. विद्यार्थीच शिक्षक झाला, कारण घरी जाताना तो केवळ माहिती नव्हे, तर सरावाचे साधन घेऊन गेला.

दूरध्वनीचा प्रयोग ह्याहून वेगळा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किंग परगण्यात १९८० च्या दशकात आणीबाणीचा फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी फोनवरूनच छाती दाबण्याच्या सूचना देण्यास आरंभ केला. येथे पाठ आणि प्रसंग एकाच क्षणी येतात. शिकणाराला आठवण ठेवावी लागत नाही. ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली.

ह्याच काळात पाठही सोपा होत गेला. २००० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सामान्य माणसाने नाडी तपासण्याची अट काढून टाकली, कारण ती त्याला विश्वसनीयपणे तपासता येत नव्हती. २००८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने, प्रौढ माणूस डोळ्यांदेखत अकस्मात कोसळल्यास, अप्रशिक्षितांनी केवळ छातीवर दाब दिला तरी चालेल, असे जाहीर केले. २०१७ साली भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सामान्य जनांसाठी केवळ दाबावर आधारलेली पद्धत मांडली. शेफर पद्धतीच्या वेळी सुलभतेपुढे शास्त्राची कसोटी मागे राहिली होती; येथे ती कसोटी लावून मगच सुलभता स्वीकारण्यात आली, हा महत्त्वाचा फरक होय.

६. पडद्यावरील वर्ग

ऑनलाईन अभ्यासक्रमांचा विचार ह्या पार्श्वभूमीवर करावयास हवा. २०१३ साली ब्रिटनच्या रेससिटेशन कौन्सिलने ‘लाइफसेव्हर’ ही संवादात्मक चित्रफीत सर्वांस उपलब्ध करून दिली. तीत प्रेक्षकाला प्रसंगात निर्णय घ्यावे लागतात व दाबाचा ताल साधावा लागतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८१ शाळकरी विद्यार्थ्यांवरील चाचणीत केवळ चित्रफीत, केवळ प्रत्यक्ष वर्ग आणि दोहोंचा मेळ ह्यांची तुलना करण्यात आली. कित्येक बाबतींत चित्रफितीवर शिकलेले विद्यार्थी वर्गातल्यांच्या जवळपास पोहोचले. दाबाच्या खोलीत मात्र प्रत्यक्ष सराव केलेले आरंभी पुढे होते. हा निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच आहे. प्रौढ माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, ही माहिती पडदा देऊ शकतो. परंतु पाच सेंटिमीटर म्हणजे किती जोर, आणि दोन मिनिटांनी खांदे कसे भरून येतात, हे तो सांगू शकत नाही.

नियामक संस्थांची भूमिका ह्याच दिशेची आहे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचाराबाबत, तात्त्विक भाग ऑनलाईन चालेल, पण प्रात्यक्षिक समोरासमोर व्हावे, अशी जोरदार शिफारस केली. केवळ ऑनलाईन प्रशिक्षण पुरेसे नाही, असे अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेचे मत आहे. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय समन्वय समितीने, जेथे साधने उपलब्ध असतील तेथे, जीवरक्षक प्रशिक्षणात ऑनलाईन व प्रत्यक्ष ह्यांचा मेळ घालण्याची शिफारस केली. कोविडच्या काळात शिकणाराच्या घरी पुतळा पाठवून, कॅमेऱ्यासमोर सराव करवून घेण्याचे प्रयोगही झाले. ऑनलाईन शिक्षण आणि प्रात्यक्षिक ह्यांत स्वभावतः विरोध नाही, हे त्यांवरून दिसते.

व्यापक प्रशिक्षणाचे फळ काय, ह्याचे उदाहरण पुन्हा डेन्मार्कचेच देता येईल. तेथे २००५ मध्ये शाळांत व २००६ मध्ये वाहनपरवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचे झाले. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी ज्यांना बघ्यांकडून मदत मिळाली त्यांचे प्रमाण २००१ मधील २१·१ टक्क्यांवरून २०१० मध्ये ४४·९ टक्क्यांवर गेले, आणि तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण ३·५ वरून १०·८ टक्क्यांवर आले. रुग्णवाहिका व रुग्णालयीन उपचारांतही ह्या काळात सुधारणा झाल्यामुळे हे सर्व श्रेय प्रशिक्षणास देता येत नाही. तथापि त्याचा वाटा नाकारणेही कठीण आहे.

सारांश, प्रथमोपचार पडद्यावरून शिकता येईल काय, ह्या प्रश्नाची मांडणीच इतिहास बदलावयास लावतो. शिक्षकाची उपस्थिती किंवा अनुपस्थिती ही निर्णायक बाब नव्हे. शिक्षक असूनही सराव न झालेला वर्ग निष्फळ ठरला आणि शिक्षक नसूनही सराव करविणारी फीत सफल झाली. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाबाबत तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : शिकणाराचे हात त्यात काय करतात, त्या हातांच्या चुका कोण वा काय दाखवून देते, आणि काही महिन्यांनी ते हात पुन्हा त्या कृतीकडे वळतात काय. जो ऑनलाईन अभ्यासक्रम ह्यांची उत्तरे देऊ शकेल, तो ह्या परंपरेत एक पाऊल पुढे टाकील. जो केवळ प्रश्नोत्तरे घेऊन प्रमाणपत्र छापून देईल, तो गुणाने १७६७ च्या पत्रकाच्याच पातळीवर राहील; इतकेच नव्हे, तर त्या पत्रकाने न केलेला एक दोषही त्याच्या पदरी पडेल. पत्रक वाचणाऱ्या नावाड्याला आपण प्रशिक्षित आहोत असे कोणी लिहून दिलेले नव्हते. परिचय आणि सामर्थ्य ह्यांतील जो भेद १९५६ च्या नियमकर्त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यापुरता ओळखला होता, तो पडद्याच्या बाबतीतही पाळला गेला पाहिजे.